हरित प्रमाणपत्र आणि कार्यालयांचे भाडे
ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील नव्या इमारतींच्या संदर्भात

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी हा लोहमार्ग कल्याणपर्यंत जाऊन पोहोचला. तेव्हापासून या पट्ट्यातील जीवनाला एक ठरावीक दिशा मिळाली. राहावयाचे ठाणे, डोंबिवली अथवा कल्याण येथे आणि नोकरीसाठी जावयाचे मुंबईस, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होऊन बसला. १९८२ साली ठाणे महानगरपालिका व १९८३ साली कल्याण महानगरपालिका, म्हणजे आजची कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, अस्तित्वात आली, तेव्हाही या शहरांची मुख्य ओळख मुंबईच्या नोकरदारांची वसतिस्थाने अशीच होती.

गेल्या काही दशकांत या चित्रात बदल होऊ लागला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६२ पासून, कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वागळे इस्टेटमध्ये जुन्या कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणाखाली अशा इमारतींना वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक मिळाल्याने या बदलास वेग आला. घोडबंदर मार्ग, पोखरण मार्ग व कोलशेत येथे कार्यालयीन संकुले झाली. शेजारी ऐरोली येथे ठाणे-बेलापूर पट्ट्यात विस्तीर्ण संकुले उभी राहिली. कल्याण-शीळ मार्गाच्या परिसरातही निवासी वसाहतींच्या जोडीने कार्यालयांसाठी जागा राखून ठेवण्यात येत आहेत.

या इमारतींच्या दर्शनी भागावर आणि जाहिरातींत ‘हरित इमारत’, ‘सुवर्ण मानांकित’, ‘प्लॅटिनम’ अशी शब्दयोजना आढळते. जागा भाड्याने देणारे ती अभिमानाने सांगतात आणि मोठे भाडेकरू आवर्जून विचारतात. ही प्रमाणपत्रे कोण देते, कशाबद्दल देते, त्यांच्यामुळे भाड्याच्या व्यवहारात काय फरक पडतो आणि सामान्य नागरिकाच्या पदरात त्यातून काय पडते, हे समजून घेणे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना अगत्याचे झाले आहे. कारण आज बांधल्या जाणाऱ्या इमारती पुढील पन्नास वर्षे वीज आणि पाणी वापरत राहणार आहेत.

मानांकन म्हणजे काय?

कमी वीज, कमी पाणी व कमी साधनसामग्री वापरून आत काम करणाऱ्यांना आरोग्यदायी वातावरण देणारी इमारत ती हरित इमारत, अशी याची ढोबळ व्याख्या करता येईल. परंतु ‘कमी’ म्हणजे किती, हे ठरविण्यासाठी मोजमाप लागते. ब्रिटनमध्ये १९९० साली ‘ब्रीम’ ही पहिली मोजमाप पद्धती आली. त्यानंतर अमेरिकेच्या हरित इमारत परिषदेने ‘लीड’ ही पद्धती प्रचारात आणली.

भारतात भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन केली. ही संस्था ‘आयजीबीसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीस लीड पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि जुलै २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. भारतीय परिस्थितीचा विचार करून ‘टेरी’ या संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साहाय्याने ‘गृह’ ही पद्धती विकसित केली. २००७ साली तिचा राष्ट्रीय मानांकन पद्धती म्हणून स्वीकार करण्यात आला. पुण्यात हडपसर येथील ‘सुझलॉन वन अर्थ’ या कार्यालयीन संकुलाला लीड प्लॅटिनम आणि ‘गृह’चे पंचतारांकन अशी दोन्ही मानांकने मिळालेली आहेत.

या सर्व पद्धतींचे स्वरूप परीक्षेतील गुणपत्रिकेसारखे असते. जागेची निवड, ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य, आतील हवा व प्रकाश अशा विषयांना गुण ठरवून दिलेले असतात. काही अटी मात्र सक्तीच्या असतात व त्या पूर्ण केल्याशिवाय पुढील गुण मोजलेच जात नाहीत. लीड पद्धतीत एकूण ११० गुण असून ४० गुणांना साधे प्रमाणपत्र, ५० गुणांना रौप्य, ६० गुणांना सुवर्ण आणि ८० व त्यापुढील गुणांना प्लॅटिनम दर्जा मिळतो. ‘गृह’मध्ये एक ते पाच तारे दिले जातात.

यांच्याहून वेगळी अशी आणखी एक योजना आहे. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन योजना सुरू केली. तीत आराखड्याऐवजी विजेची प्रत्यक्ष बिले पाहिली जातात. वर्षभरात प्रत्येक चौरस मीटरला किती युनिट वीज लागली, यावर तारे ठरतात. मानांकनांतील हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एक मानांकन इमारत कशी बांधली हे सांगते, तर दुसरे ती कशी चालते हे सांगते.

कोकणपट्टीचे हवामान आणि काचेच्या भिंती

ठाणे व कल्याण-डोंबिवलीचा परिसर उष्ण व दमट हवामानाच्या पट्ट्यात येतो. येथील जुन्या घरांना उतरते छप्पर, पुढे-मागे पडवी, रुंद वळचणी आणि समोरासमोर खिडक्या असत. भिंतीवर ऊन पडू न देणे आणि वारा खेळता ठेवणे, ही त्यामागील दृष्टी होती. ती रचना करणाऱ्या गवंड्याजवळ कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, परंतु हवामानाचे ज्ञान होते.

याउलट, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कार्यालय म्हणजे चहूबाजूंनी काचेने मढविलेली इमारत असा समज रूढ झाला. पश्चिमेकडील काचेतून दुपारनंतर आत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रणेला अखंड राबावे लागते. वातानुकूलित कार्यालयात एकूण विजेचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक वाटा या यंत्रणेकडे जातो. म्हणून केंद्र शासनाने २००७ साली आणलेल्या व २०१७ साली सुधारलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत भिंतीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत काचेचे प्रमाण सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचा दंडक घालण्यात आला आहे. छज्जे, उष्णतारोधक छत, उष्णता अडविणारी काच आणि कार्यक्षम शीतयंत्रे ही हरित इमारतीची मुख्य अंगे होत. त्यांतील पहिली दोन आपल्याकडील जुन्या घरबांधणीतीलच आहेत.

पाण्याच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवर त्या हिशेबाने सुमारे २५ लाख लिटर पाणी पडते. ते सर्व साठविणे शक्य नसले, तरी काही भाग टाकीत घेणे व उरलेला जमिनीत मुरविणे शक्य असते. त्याचबरोबर सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शौचालयांतील टाक्या, बागा आणि वातानुकूलनाचे शीतमनोरे यांसाठी वापरल्यास पिण्याच्या पाण्याची मोठी बचत होते. या बचतीचे महत्त्व शहरापुरते मर्यादित नाही. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा ही धरणे महानगराची तहान भागवितात, त्याच तालुक्यातील काही गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातील कार्यालयात वाचलेला प्रत्येक लिटर या विषमतेच्या संदर्भात मोजला पाहिजे.

भाड्याचा व्यवहार कसा चालतो?

कार्यालयाची जागा भाड्याने घेताना भाडेकरू तीन प्रकारचा खर्च करतो. पहिला, दर चौरस फुटामागे ठरलेले मासिक भाडे. दुसरा, जिने, उद्वाहने, सामाईक वातानुकूलन, पहारा व स्वच्छता यांसाठीचा देखभाल आकार. तिसरा, आपल्या जागेतील विजेचे बिल. व्यवहार बहुधा अनेक वर्षांचा असतो. त्यातील काही काळ जागा सोडता येत नाही व दर तीन वर्षांनी भाड्यात सुमारे १५ टक्के वाढ करण्याची प्रथा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण लागू नाही. साहजिकच मोठ्या कार्यालयांचे भाडे बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरते आणि करारपत्रात जे लिहिले असेल तेच प्रमाण ठरते.

येथे एक मूलभूत अडचण उद्‌भवते. चांगली काच बसवावयाची की साधी, कार्यक्षम शीतयंत्र घ्यावयाचे की स्वस्त, हा निर्णय इमारत बांधणारा मालक घेतो. विजेचे बिल मात्र भाडेकरू भरतो. मालकाने जास्त खर्च करून चांगली यंत्रणा बसविली, तरी बचत भाडेकरूच्या खिशात जाते. यंत्रणा निकृष्ट असली, तर भुर्दंडही भाडेकरूलाच बसतो. ज्याच्या हाती निर्णय त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ त्याच्या हाती निर्णय नाही, अशी ही अवस्था आहे. हरित प्रमाणपत्राचे खरे आर्थिक कार्य ही कोंडी फोडण्याचे आहे. भिंतीआड दडलेला इमारतीचा गुण प्रमाणपत्रामुळे भाडेकरूला दिसू लागतो. तो दिसला म्हणजे भाडेकरू त्यासाठी थोडे अधिक भाडे देण्यास तयार होतो आणि मालकाला अधिक खर्च करण्यास कारण मिळते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. उष्ण व दमट प्रदेशातील, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयांसाठी ब्यूरोच्या मूळ योजनेत वर्षाला दर चौरस मीटरमागे २०० ते १७५ युनिट वीज वापरणाऱ्या इमारतीस एक तारा, तर १०० युनिटांहून कमी वापरणाऱ्या इमारतीस पाच तारे देण्यात येत. समजा, एक हजार चौरस मीटरच्या दोन सारख्याच जागा आहेत. पहिलीचा वापर २०० युनिट व दुसरीचा १०० युनिट आहे. वर्षाला फरक पडेल एक लाख युनिटांचा. विजेचा दर युनिटला १० रुपये धरल्यास ही रक्कम वर्षाला १० लाख रुपये होते. दर चौरस फुटामागे महिन्याला हिशेब केल्यास ती सुमारे पावणेआठ रुपये भरते. म्हणजे दुसऱ्या जागेचे भाडे चौरस फुटाला चार रुपयांनी अधिक असले, तरी भाडेकरूला ती जागा स्वस्तच पडते आणि मालकालाही अधिक उत्पन्न मिळते. मात्र ही वजाबाकी करण्यासाठी दोन्ही जागांच्या विजेचे आकडे समोर असावे लागतात.

मोठे भाडेकरू प्रमाणपत्र का मागतात?

वीजबचत हे एक कारण झाले. दुसरे कारण कंपन्यांवर आलेल्या नव्या जबाबदारीचे आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे ‘सेबी’ने, २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसायाची सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारी दर्शविणारा अहवाल सादर करणे बंधनकारक केले आहे. या अहवालात कंपनीने वापरलेली ऊर्जा, पाणी आणि त्यांतून झालेले कार्बन उत्सर्जन यांचे आकडे द्यावे लागतात. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत जाहीर केले. अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांनी त्याहून अलीकडच्या मुदती स्वतःवर घालून घेतल्या आहेत. अशा कंपनीने ठाण्यात किंवा ऐरोलीत जागा घेतली, तर त्या जागेतील वीजवापर तिच्या हिशेबात धरला जातो. म्हणून जागेच्या शोधाची पहिली यादी करतानाच मानांकन नसलेल्या इमारती वगळल्या जाण्याची शक्यता असते.

तिसरे कारण गुंतवणुकीशी निगडित आहे. भाड्याच्या उत्पन्नावर चालणारे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास २०१९ पासून भारतीय शेअर बाजारात नोंदविले जाऊ लागले. ऐरोली येथील माइंडस्पेस संकुले ज्या न्यासाच्या मालकीत आहेत, त्याची नोंदणी ऑगस्ट २०२० मध्ये झाली. इमारती दीर्घकाळ भरलेल्या राहाव्यात, हा अशा न्यासांचा मुख्य हेतू असतो व मानांकनाकडे ते त्याच दृष्टीने पाहतात.

मानांकनामुळे भाडे खरोखर किती वाढते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास आइकहोल्ट्झ, कॉक व क्विग्ले या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कार्यालयीन इमारतींबाबत केला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. शेजारच्या तत्सम इमारतींच्या तुलनेत मानांकित इमारतींचे भाडे सुमारे तीन टक्क्यांनी अधिक आणि विक्रीची किंमत सुमारे सोळा टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. यातील एक निष्कर्ष विशेष बोलका आहे. प्रत्यक्ष वीजवापर मोजून दिल्या जाणाऱ्या ‘एनर्जी स्टार’ या चिन्हाचा भाड्यावरील परिणाम स्पष्ट दिसून आला. सर्वंकष गुणांवर आधारलेल्या लीड मानांकनाचा तसा परिणाम त्या आकडेवारीतून निश्चित करता आला नाही. अमेरिकेचे निष्कर्ष ठाण्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तथापि, भाडेकरू अखेरीस बिलाकडे पाहतो, हे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे.

नियमावलीतील प्रोत्साहन

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने लागू केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतींसाठी स्पष्ट तरतूद करण्यात आली. ठाणे व कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे या नियमावलीच्या कक्षेत आली. ‘गृह’चे तीन तारे किंवा आयजीबीसी अथवा लीडचे रौप्य मानांकन मिळविणाऱ्या इमारतीस मूळ चटईक्षेत्र निर्देशांकाच्या तीन टक्के, चार तारे वा सुवर्ण मानांकनास पाच टक्के आणि पाच तारे वा प्लॅटिनम मानांकनास सात टक्के वाढीव निर्देशांक देण्याची ही तरतूद आहे. आश्वासन दिलेले मानांकन इमारत पूर्ण होताना प्राप्त झाले नाही, तर दंडाची तजवीजही ठेवण्यात आली आहे. शासकीय, निमशासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व सार्वजनिक उपक्रमांच्या इमारतींना किमान तीन तारे किंवा रौप्य मानांकन मिळविणे बंधनकारक करण्यात आले, ही बाब अधिकारी व लोकप्रतिनिधी यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

याखेरीज वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामासाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरली. केंद्र शासनाच्या सौर शहर कार्यक्रमासाठी महाराष्ट्रातील ज्या शहरांची निवड झाली, त्यांत ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोहोंचा समावेश होता. सौर उष्णजल संयंत्रांचा प्रसार या शहरांत त्यापूर्वीच सुरू झालेला होता. २०२२ च्या केंद्रीय नियमांमुळे १०० किलोवॅट मंजूर भार असलेल्या ग्राहकालाही हरित ऊर्जा थेट विकत घेण्याची वाट मोकळी झाली. पूर्वी ही मर्यादा एक मेगावॅट होती. त्यामुळे मध्यम आकाराच्या कार्यालयीन इमारतींनाही स्वच्छ वीज मिळविणे शक्य झाले आहे.

वाढीव चटईक्षेत्र ही सार्वजनिक देणगी आहे. त्यामुळे रस्ते, पाणी व मलनिःसारण यांवर पडणारा भार सर्व नागरिक सोसतात. तिच्या मोबदल्यात मिळणारी वीज व पाण्याची बचत कागदावर न राहता वर्षानुवर्षे प्रत्यक्षात उतरते किंवा नाही, हे पाहण्याचा अधिकार आणि कर्तव्य म्हणूनच सार्वजनिक यंत्रणेकडे येते.

प्रमाणपत्राच्या मर्यादा

प्रमाणपत्र वाचताना काही गोष्टींची जाण ठेवणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, इमारत पूर्ण होण्यापूर्वी केवळ आराखड्याच्या आधारे पूर्व-प्रमाणपत्र दिले जाते. जाहिरातीत त्याचाच उल्लेख असण्याचा संभव असतो. अंतिम प्रमाणपत्र बांधकामानंतर मिळते. दुसरी गोष्ट, भाड्याने द्यावयाच्या इमारतींत पुष्कळदा केवळ बाह्य सांगाडा व सामाईक यंत्रणा यांचेच मानांकन झालेले असते. भाडेकरू आत कोणते दिवे, कोणती यंत्रे व कशी मांडणी करतो, याचा त्यात समावेश नसतो. आतील रचनेसाठी स्वतंत्र मानांकन असते. तिसरी गोष्ट, गुण अनेक विषयांत विभागलेले असल्याने ऊर्जेत बेताचे गुण मिळवूनही इतर विषयांच्या बळावर वरचा दर्जा गाठता येतो. म्हणून दर्जाबरोबरच गुणपत्रिकाही पाहावी.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट इमारतीच्या वापरासंबंधी आहे. उत्तम इमारतीतही वातानुकूलन अठरा अंशांवर ठेवले, रात्रभर दिवे जळत ठेवले, सांडपाणी प्रक्रिया केंद्र खर्च वाचविण्यासाठी बंद ठेवले, तर मानांकनाला अर्थ उरत नाही. चालू इमारतींसाठी असलेली मानांकने ठरावीक मुदतीनंतर नव्याने मिळवावी लागतात, ती याच कारणास्तव. परदेशस्थ ग्राहकांसाठी रात्रपाळीत चालणाऱ्या कार्यालयांचा वीजवापर अर्थातच अधिक असतो. त्यांच्यासाठी ब्यूरोने तासांच्या हिशेबाने वेगळी मोजणी ठरविली आहे. तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

या मर्यादांवर उपाय म्हणून भाडेकरारातच हरित कलमे घालण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे व भारतातही तिचा अवलंब होऊ लागला आहे. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र मीटर, सामाईक वीज व पाण्याच्या आकड्यांची दरमहा देवाणघेवाण, वातानुकूलनाच्या तापमानाविषयी समझोता आणि मालकाने सुधारणेवर केलेला खर्च होणाऱ्या बचतीतून काही वर्षांत वसूल करण्याची मुभा, ही त्यातील प्रमुख कलमे होत. निर्णय व लाभ यांची फारकत दूर करण्याचा हा सरळ मार्ग आहे.

जुन्या इमारतींचे काय?

डोंबिवली किंवा कल्याणच्या स्थानक परिसरात वकील, हिशेबतपासनीस, विमा प्रतिनिधी, शिकवणी वर्ग व लहान सहकारी पतसंस्था यांची कार्यालये जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत. त्यांना प्लॅटिनम मानांकन मिळणे कठीण आहे आणि त्याची गरजही नाही. तथापि, चांगले भाडेकरू केवळ नव्या संकुलांकडे वळले, तर या जुन्या इमारती मागे पडून त्यांची देखभाल आणखी खालावेल, अशी भीती आहे.

अशा इमारतींना अल्प खर्चाचे उपाय उपलब्ध आहेत. गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा वा बांबूचे पडदे, कमी वीज घेणारे पंखे व एलईडी दिवे, गळक्या नळांची दुरुस्ती व गच्चीवर सौर पटले यांमुळे बिलात जाणवण्याइतका फरक पडतो. खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा दंडक केंद्र शासनाने जानेवारी २०२० पासून लागू केला. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. शिवाय उभ्या असलेल्या इमारतीतील सिमेंट व पोलाद यांसाठी लागलेली ऊर्जा खर्च होऊन गेलेली असते. ती पाडून नवी बांधण्यापेक्षा दुरुस्त करून वापरणे पुष्कळदा अधिक हरित ठरते.

सार्वजनिक कार्यालयांनी काय पाहावे?

शासकीय विभाग, महामंडळे, बँका व शिक्षणसंस्था हेही अनेक ठिकाणी भाडेकरू आहेत. जागा घेताना त्यांनी पुढील बाबी पडताळून पाहिल्यास प्रमाणपत्राचा लाभ प्रत्यक्षात पदरात पडू शकेल.

१. प्रमाणपत्र पूर्व आहे की अंतिम, कोणत्या संस्थेचे आहे, त्यावर तारीख कोणती आहे व ते सांगाड्याचे आहे की संपूर्ण इमारतीचे.

२. इमारतीची मागील बारा महिन्यांची वीज व पाण्याची बिले, आणि त्यांवरून काढलेला दर चौरस मीटरचा वार्षिक वीजवापर.

३. भाडे, देखभाल आकार व वीजबिल या तिन्हींची एकत्र बेरीज. केवळ भाड्याच्या दरावरून तुलना करू नये.

४. स्वतंत्र मीटर आहे किंवा नाही. सामाईक खर्च क्षेत्रफळावर वाटला जात असल्यास काटकसर करणाऱ्यास लाभ मिळत नाही.

५. सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पर्जन्यजल योजना व सौर संयंत्र प्रत्यक्ष चालू आहेत काय, याची जागेवर पाहणी.

६. रेल्वे स्थानक किंवा बसथांब्यापासूनचे अंतर. सर्व कर्मचाऱ्यांना मोटारगाडीने यावे लागत असेल, तर इमारतीत वाचलेली ऊर्जा रस्त्यावर खर्ची पडते.

ग्रामपंचायतींनाही हा विषय परका नाही. कल्याण-शीळ परिसरातील, भिवंडी व शहापूर तालुक्यांतील गावे नागरीकरणाच्या उंबरठ्यावर आहेत. माझी वसुंधरा अभियानात २०२० पासून ग्रामपंचायतींनी पाणी व ऊर्जा यांच्या बचतीची कामे हाती घेतली. नवे पंचायत कार्यालय, अंगणवाडी वा शाळा बांधताना इमारतीची दिशा, सावली, वारा व पाणी यांचा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच केल्यास त्याला जादा खर्च फारसा येत नाही. शाळेतील विद्यार्थ्यांनी वर्षभर विजेचे मीटर वाचून दर चौरस मीटरचा वापर काढला, तर गणित, भूगोल व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा तो एक उत्तम पाठ होईल.

दीडशेहून अधिक वर्षे या पट्ट्यातील माणसे कामासाठी रेल्वेने मुंबईस जात आली. कार्यालये त्यांच्या दाराशी येऊ लागली आहेत, तर ती वीज व पाण्याची नवी ओढ घेऊन येऊ नयेत, एवढीच अपेक्षा आहे. हरित प्रमाणपत्र हे त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल होय. ज्या दिवशी भाडेकरू प्रमाणपत्राच्या जोडीने बारा महिन्यांची बिले मागू लागेल आणि मालक ती विनासंकोच दाखवू लागेल, त्या दिवशी त्या प्रमाणपत्राला खरी किंमत येईल.